दीड सुताची चावी

सोयाबीन उगवून पंधरा-वीस दिवस झाले की पहिली कोळपणी, महिना उलटला की दुसरी. पीक फुलावर आलं की रानात अवजार घालायचं नाही. मुळ्या दुखावतात, फूल गळतं. आता या दिवसांतून पावसाचे दिवस वजा करा, पाऊस उघडल्यावर वाफसा यायला लागणारे दिवस वजा करा. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब-वाशीकडच्या काळ्या रानात कामाच्या म्हणाव्यात अशा सकाळी बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. बऱ्याच घरांची दावण रिकामी झाली, तिथे आता पॉवर विडर उभा असतो, आणि त्याला रुसायचं असलं की तो नेमकी अशीच सकाळ निवडतो.

इंजिन कामातून गेलं की नवं आणावं लागतं. सात हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आता बार्शीत, लातुरात खोक्यात भरलेलं मिळतं. जुनं उतरवायचं, नवं ठेवायचं, चार बोल्ट आवळायचे, पट्टा चढवायचा, दोरी ओढायची, असा दुकानदाराचा हिशेब. बोल्ट खरोखरच जुळतात. होंडाच्या छोट्या इंजिनाचा पाया इतक्या कारखान्यांनी उचलला आहे की बहुतेक कुणाचंही इंजिन कुणाच्याही चौकटीवर बसतं. अडतं ते त्याच्या पुढे. जुन्या इंजिनावरून काढलेली पुली नव्या शाफ्टवर एकतर चढत नाही, नाहीतर चढते आणि डुगडुगते. या दोघांत समेट घडवायला मध्ये लोखंडाचा एक चौकोनी तुकडा असतो. त्याला चावी म्हणतात.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शाफ्टच्या अंगावर लांबीच्या दिशेने एक खाच पाडलेली असते. पुलीच्या भोकात आतून तशीच दुसरी खाच. दोन्ही खाचा समोरासमोर आणल्या की मध्ये चौकोनी पोकळी तयार होते. तिच्यात चावी बसते. अर्धी शाफ्टमध्ये, अर्धी पुलीत. ती नसेल तर इंजिन गरगर फिरेल आणि पुली जागच्या जागी उभी राहील. इंजिनाची सगळी ताकद रानात जाते ती या तुकड्याच्या दोन कडांवरून. सात हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला 3600 फेऱ्यांवर पूर्ण ताकद देत असेल, तर पाऊण इंची शाफ्टच्या कडेशी चावीवर साधारण दीडशे किलोचा जोर येतो. तोही सलग नाही. एका सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांना एक स्फोट, म्हणजे सेकंदाला तीस धक्के. चावी खाचेत केसभर जरी सैल असली तरी हे तीस धक्के तीस हातोडे होतात.

आता त्या केसभराविषयी. आपल्या देशात वजनमापांचा मेट्रिक कायदा 1956 साली झाला आणि 1958 पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला. शाळेत आपण मिलिमीटर शिकलो. पण लेथवर उभ्या असलेल्या मिस्त्रीला विचारा, तो सुतात सांगेल. आठ सुतांचा एक इंच. या छोट्या इंजिनांचा एक शाफ्ट पाऊण इंचाचा, म्हणजे सहा सुतांचा असतो, मिलिमीटरमध्ये 19.05. त्याची चावी दीड सुताची, 4.76 मिलिमीटर. अमेरिकी बाजाराला इंच लागतो म्हणून जपानी इंजिनात इंच राहिला, आणि तो चीनमार्गे आपल्या बांधावर आला. त्याच ताकदीचं, त्याच रंगाचं दुसरं इंजिन 20 मिलिमीटरच्या शाफ्टचंही मिळतं. खोक्यावर हॉर्सपॉवर ठळक छापलेली असते. शाफ्टचं माप कुठेतरी बारीक अक्षरांत असतं, नाहीतर नसतंच. आणि घेणारा विचारतो ते ॲव्हरेज.

19.05 आणि 20 यांत फरक 0.95 मिलिमीटरचा. डोळ्याला तो दिसतही नाही. पण 20 च्या भोकाची पुली 19 च्या शाफ्टवर चढवून तिला जागेवर धरणारा ग्रब स्क्रू आवळला, की पुली एका बाजूला सरकून बसते, तिचा मध्य जवळजवळ अर्धा मिलिमीटर ढळतो. मग ती लंगडत फिरते. पट्टा एका लयीत ताणतो आणि सैलावतो, हँडल हाताला झिणझिण्या आणतं, शाफ्टच्या तोंडाशी असलेलं ऑइल सील झिजून तिथून तेल पाझरायला लागतं. शेतकरी म्हणतो, नवं इंजिनच डुप्लिकेट निघालं. इंजिन बिचारं ठीक असतं.

यावर गावात सर्रास जो उपाय होतो तो ऐकून घ्या, कारण तो मूर्खपणाचा नाही, घाईचा आहे.

“मिस्त्री, वेल्डिंगचे दोन टाके मारा की. वाफसा जायलाय.”

“तात्या, मारतो की. पन पुढल्या साली सील बदलायचं निघालं तर पुली काढायची कशी? शाफ्टच कापावा लागंल.”

“पुढल्या सालचं पुढल्या साली बघू.”

तात्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. ज्याचं तण आज वर आलंय त्याला पुढच्या सालचं इंजिन दाखवून काय उपयोग? पण मिस्त्रीही फक्त स्वतःच्या धंद्याचं बोलत नाही. पुलीच्या मागे सील आहे, सीलच्या मागे बेअरिंग आहे. ती कधीतरी बदलावी लागणारच. चावीचा जोड उघडता येतो, हीच त्याची सारी किंमत. फिरताना दोघं एक, थांबल्यावर पुली ओढून काढणारा पुलर लावला की दोघं वेगळे. वेल्डिंगने पहिली अट पूर्ण होते आणि दुसरी कायमची संपते. शिवाय त्या उष्णतेने सील तिथल्या तिथे भाजून निघतं, ते वेगळंच.

बरा मिस्त्री काय करतो? तो आधी मोजतो. शाफ्टची खाच वेगळी, पुलीची खाच वेगळी, भोक वेगळं. गिऱ्हाइकाने नुसतं तोंडी माप सांगितलं तर तो त्याला परत पाठवतो, “पुली घेऊन या” म्हणून. भोक मोठं असेल तर आत बुश ठोकून लेथवर पुन्हा मापात आणतो आणि नवी खाच पाडतो. खाचांच्या रुंदीत फरक असेल, शाफ्टला दीड सूत आणि पुलीला 6 मिलिमीटर, तर पायरीची चावी करतो: खाली अरुंद, वर रुंद, एकाच तुकड्यातून कानशीने उतरवलेली. मध्ये पायरी. मला या कामातली ही सगळ्यात देखणी वस्तू वाटते. इंच आणि मिलिमीटर या दोन्ही घराण्यांना एकाच नखाएवढ्या लोखंडावर जागा करून दिलेली. अशा दुकानाच्या बिलबुकावर अजून उस्मानाबाद छापलेलं असतं आणि बाहेर नव्या फलकावर धाराशिव. 2023 साली जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं, पण बिलबुकं संपेपर्यंत वापरायची असतात.

चावी बसवण्याची रीत पुस्तकात एका ओळीत मावते आणि हातात यायला वर्षं लागतात. सरळ चावी बाजूंनी घट्ट हवी आणि डोक्यावर मोकळी. भारतीय मानकात 17 च्या पुढे 22 मिलिमीटरपर्यंतच्या शाफ्टला 6 मिलिमीटरची चावी सांगितली आहे: शाफ्टमध्ये खोली 3.5, पुलीत 2.8. बेरीज 6.3 आणि चावीची उंची 6. हे 0.3 मिलिमीटर मुद्दाम सोडलेलं आहे. ते पाहून नवशिक्याला वाटतं की चावी सैल झाली. तो वर पत्र्याची पट्टी घालून ठोकतो. झालं, पुली वरून रेटली गेली, मध्य ढळला. जोर घ्यायचा तो बाजूंनी. डोक्यावरची फट ही त्या बाजूंना निवांत काम करता यावं म्हणून ठेवलेली असते.

उलट जुन्या संथ डिझेल इंजिनांची तऱ्हा. मिनिटाला साडेसहाशे फेऱ्यांची, दोन्ही अंगांना माणसाच्या छातीएवढी फ्लायव्हील असलेली ती लिस्टर पद्धतीची इंजिनं गुऱ्हाळावर, पिठाच्या गिरणीवर, विहिरीवर ज्यांनी पाहिली आहेत त्यांना फ्लायव्हीलच्या मध्यातून बाहेर डोकावणारं चावीचं चौकोनी डोकं आठवत असेल. ती चावी उतरती असायची, शंभराला एक असा उतार, आणि ठोकून बसवायची. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारतात तशी. तिथे वर-खालीच घट्टपणा लागतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या हाती दिला. पुढे 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि डिझेल इंजिन महाराष्ट्राच्या विहिरी-विहिरीवर पोहोचलं. त्या इंजिनांवर हात बसलेली एक पिढी मराठवाड्यातही तयार झाली. तिची पाचर ठोकण्याची सवय आजच्या छोट्या इंजिनावर मात्र घात करते. हातोडीचा घाव शाफ्टच्या तोंडावर बसला की तो आत बेअरिंगपर्यंत पोहोचतो. नवीन पुली हाताने सरकली पाहिजे, फार तर लाकडाच्या ठोकळ्याने दोन टिचक्या. त्याहून जास्त मागत असेल तर थांबायचं आणि काढून बघायचं, कुठे चकाकी आली आहे. जिथे घासलं तिथे चमकतं. मग कानस हातात घ्यायची.

आणि कानस लावायची ती चावीला. शाफ्टला कधीच नाही. हा या कामातला पहिला नियम, आणि मिस्त्री तो पोऱ्याला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. शाफ्ट इंजिनाच्या पोटातून आलेला आहे. त्याची खाच एकदा रुंदावली की उपाय म्हणजे सगळं इंजिन उघडणं. पुली त्याहून स्वस्त. चावी सगळ्यात स्वस्त, ब्राइट बारचा एक तुकडा, चहाच्या पैशांत होणारा. म्हणून चावी मऊ पोलादाची ठेवतात. मोडक्या ड्रिलचा किंवा जुन्या कानशीचा कडक तुकडा कापून घातला तर तो स्वतः टिकतो आणि शाफ्टची खाच खाऊन टाकतो.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. कारण याच ठिकाणी भाषण करणारे चावीला हार घालतात. लहान असून सगळा भार सोसते, वेळ आली तर स्वतः तुटते पण यंत्राला वाचवते, वगैरे. शाळेच्या स्नेहसंमेलनात हे छान वाटतं. पण चावी काही सोसत नाही. कुणीतरी कागदावर तीन वस्तूंच्या किमती मांडल्या आणि ठरवलं की झिजायचं ते सगळ्यात स्वस्त वस्तूने. लोखंडात हा हिशेब बिनतोड आहे. माणसांत आपण तोच हिशेब करतो आणि त्याला दुसरं नाव देतो. घरात नवी सून आली की जुळवून घ्यायचं कुणी, हे कानस उचलण्याआधीच ठरलेलं असतं. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होतो तेव्हा भूम-वाशीकडून उसाच्या फडावर निघालेलं जोडपं आणि मुकादम यांच्यात ओढाताण झाली की घासलं कोण जाणार, हेही ठरलेलं. चावीची किंमत कमी आहे कारण ती पुन्हा करता येते. माणूस पुन्हा करता येत नाही, म्हणून त्याची किंमत कमी लावण्याचा आधारच उरत नाही. यंत्राचा दाखला माणसाला लावताना एवढा फरक ज्याने पाहिला नाही, त्याच्या भाषणाला टाळ्या वाजवायच्या की नाही ते आपापलं ठरवावं.

पुन्हा इंजिनाकडे. कारण अजून एक चावी राहिली, ती आत असते आणि तिची आठवण कुणाला नसते. दोरी ओढतो त्या बाजूला फ्लायव्हील, त्याच्या कडेत चुंबक. तो कॉइलसमोरून गेला की ठिणगी पडते. हे फ्लायव्हील शाफ्टच्या निमुळत्या टोकावर नटाने आवळलेलं असतं आणि त्याखाली एक अर्धचंद्राकृती चावी असते. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या विल्यम वुड्रफने ती काढली. 1888 साली तिला जॉन स्कॉट पदक मिळालं. योगायोग असा की किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवातही त्याच सालापासून मोजतो, बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. वुड्रफची युक्ती म्हणजे खाच गोल कटरने कोरायची, त्यामुळे चावी तिच्यात किंचित डोलून आपोआप सरळ होते आणि पुढे-मागे सरकत नाही. खाच खोल जाते, शाफ्ट तेवढा कमजोर होतो, हा त्यातला तोटा.

पण फ्लायव्हीलखालच्या या चावीवर खरं तर भार नसतोच. भार निमुळत्या तोंडाच्या पकडीवर आणि नटाच्या आवळण्यावर. चावी फक्त जागा दाखवते: ठिणगी नेमकी केव्हा पडायची ते तिच्यावरून ठरतं. काही छोट्या अमेरिकी इंजिनांत ती ॲल्युमिनियमची असते, इतकी मऊ. इंजिनाला थेट जोडलेलं पातं दगडावर आदळून जागीच थांबलं, की जड फ्लायव्हील आपल्या वेगाने थोडं पुढे सरकतं आणि चावी अर्धी कातरली जाते. बालाघाटच्या मुरमाड माळावर दगडाला तोटा नाही. मग पेट्रोल आहे, ठिणगी आहे, दाब आहे, तरी इंजिन चालू होत नाही. दोरी उलटा हिसका मारून मनगट मुरगाळते. कार्ब्युरेटर तीनदा धुऊन होतो, प्लग बदलून होतो. खालची चावी उघडून पाहायचं सुचतं ते सगळ्यात शेवटी. पट्ट्यावर चालणाऱ्या विडरला हा धोका कमी, कारण पट्टा घसरतो आणि धक्का गिळतो. पट्टा फार आवळू नये, याचं हेही एक कारण.

नव्या इंजिनाची चावी अनेकदा शाफ्टच्या खाचेतच चिकटपट्टीने लावून येते. पट्टी ओढून खोक्यासकट उकिरड्यावर गेली की चावीही जाते. मग खिळा ठेचून, सळीचा तुकडा तासून काम भागवलं जातं. रानात उघड्यावर पुली काढली तर ती काळ्या मातीत पडते आणि ओल्या काळ्या मातीत पडलेलं लोखंड डोळ्यांनी सापडत नाही, चुंबक फिरवावं लागतं. म्हणून इंजिन शक्यतो अंगणात, पोत्यावर बदलावं. खाचेच्या कडांवरचे काटे एमरीने उतरवावेत. चावीच्या खालच्या दोन धारा किंचित माराव्यात, कारण खाचेचा कोपरा आतून पुरता काटकोनी नसतो. धार तशीच ठेवली तर चावी तळाला टेकत नाही, अधांतरी राहते आणि मिस्त्रीला वाटतं बसली. लांबी पुलीच्या बोसाएवढी, म्हणजे भोकाभोवतीच्या जाड भागाएवढी, पुरी हवी; अर्धी चावी म्हणजे अर्ध्या कडेवर पूर्ण जोर. ग्रब स्क्रू चावीच्या डोक्यावर येईल असा फिरवावा. शाफ्टला ग्रीसचा पातळ हात. ग्रीसने पकड कमी होते म्हणून काहीजण टाळतात. पकड चावीची असते, ग्रीस पुढच्या सालच्या पुलरसाठी.

हे सगळं करून विडर रानात गेला, तरी पहिल्या तासाभराने इंजिन बंद करून, पुली निवू देऊन, बोसाच्या तोंडाशी एकदा बोट फिरवावं. नुसती ओशट धूळ लागली तर ठीक. बोटाला लालसर तपकिरी पूड लागली, तर ती माती नव्हे. काळ्या रानात लाल माती येणार कुठून? चावी खाचेत हलते आहे, लोखंड लोखंडाला घासून ती पूड निघते आहे. ग्रब स्क्रू आवळून बघावा. दुसऱ्या तासालाही पूड आली तर उरलेल्या तासांचा मोह सोडून विडर बांधाला लावावा आणि पुली काढून नवी चावी करायला पाठवावी. जुनी बरोबर द्यावी. तिच्या कोणत्या कडेला खळगा पडला आहे ते पाहून मिस्त्रीला कळतं की सैल पुलीची खाच होती की शाफ्टची, आणि लेथवर काय चढवायचं.